चिपाडाची वीज, कायदा आणि आपण सभासद



आडसाली लागवडीच्या तोंडावर आपल्या शेतकी खात्याने गटवार सभा घेतल्या. विषय ठरलेलाच होता. बेणेमळ्यातील बेणे, बेणेप्रक्रिया, सरीतील अंतर, हुमणी आणि तोडणीची नोंद. एका गटात सभा संपत आली, चहा आला, आणि मागच्या बाजूला बसलेले एक वयस्कर सभासद उभे राहिले. म्हणाले, "साहेब, बेण्याचं समजलं. आता दुसरं सांगा. आमच्या उसाच्या चिपाडापासून वीज करायची म्हणता. त्यासाठी नवा बॉयलर बसवायचा म्हणता. त्याला पैसा पाहिजे म्हणून आमच्याच बिलातनं टनामागं ठेव कापायचा विषय वार्षिक सभेपुढं येणार म्हणता. उद्या बोर्डानं वीज घेतलीच नाही तर? का घ्यावी त्यांनी? आणि उन्हाळ्यात मी रात्री दोनला मोटर चालू करायला जातो, तेव्हा ही तुमची वीज असती कुठं?"

त्या वेळी मी त्यांना थोडक्यात उत्तर दिले, पण खरे सांगायचे तर ते उत्तर माझे मलाच पटले नाही. मी शेतकी पदविकेचा माणूस. ऊस, माती, पाणी यांतले काही कळते, कायद्यातले फारसे कळत नाही. पण आबांचा प्रश्न रास्त होता आणि तो एकट्याचा नव्हता. म्हणून कार्यालयातील जाणकारांकडून आणि कागदपत्रांतून समजून घेतले आणि ते आपल्यापुढे मांडत आहे. ठेव द्यायची की नाही हे सभेत आपणच ठरवायचे आहे. मी सेवक आहे. मला फक्त एवढेच वाटते की हात वर करण्यापूर्वी प्रत्येक सभासदाला दोन गोष्टी माहीत असाव्यात. या बाबतीत कायदा आपल्याला काय देतो आणि काय देत नाही.

चिपाडात किती वीज आहे?

प्रथम आपल्या घरचा हिशोब करू. एक टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघतो, म्हणजे पावणेतीनशे-तीनशे किलो. त्यात जवळजवळ निम्मे पाणीच असते. तरीही तो बॉयलरमध्ये चांगला जळतो आणि त्याच्या वाफेवर गिरण्या फिरतात, रस उकळतो, साखर होते. दगडी कोळसा विकत न आणता स्वतःच्या कच्च्या मालातून स्वतःचे इंधन काढणारा असा दुसरा मोठा धंदा क्वचितच सापडेल.

पूर्वीचे बहुतेक बॉयलर साधारण २१ किलो दाबाचे. त्यांची रचनाच अशी होती की बगॅस जास्त साठू नये, सगळा जळून जावा. वीज तयार व्हायची ती कारखान्यापुरती. आता ६७, ८७ आणि ११० किलो दाबाचे बॉयलर आले. तेवढ्याच बगॅसवर ते कितीतरी जास्त वीज देतात. चांगल्या चालणाऱ्या प्रकल्पात टनामागे शंभराच्या आसपास युनिट वीज होते आणि कारखान्याची गरज भागवून साठ-सत्तर युनिट विकायला उरते. एकरी ४० टन ऊस धरा. टनाला सत्तर युनिट म्हणजे एका एकराच्या चिपाडातून २८०० युनिट. पाच अश्वशक्तीची मोटर एवढ्या विजेवर सहाशे तास सहज चालेल. आपण ज्याला कचरा म्हणत होतो त्यात इतके आहे.

यात निसर्गाचाही हिशोब बसतो. कोळसा जाळला की लाखो वर्षे जमिनीत गाडलेला धूर वर येतो. बगॅस जाळला की जो कर्बवायू निघतो तो उसाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो आणि पुढच्या वर्षीचा ऊस तो पुन्हा घेतो. म्हणून सूर्य, वारा आणि पाणी यांच्या पंक्तीला बगॅसच्या विजेला बसवले आहे.

मग आधी का झाले नाही?

यंत्र नव्हते असे नाही. अडचण निराळीच होती. वीज ही काही ज्वारी-बाजरी नव्हे की पोत्यात भरून आठवड्याच्या बाजारात नेली. ती तयार झाली त्याच क्षणाला वापरावी लागते. तिला न्यायला तारा लागतात आणि त्या तारा दुसऱ्याच्या मालकीच्या. पलीकडे गिऱ्हाईकही एकच, वीज मंडळ.

१९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्याराज्यात वीज मंडळे उभी राहिली. खेड्यापाड्यात दिवे आले, विहिरीवर मोटरी बसल्या ते याच मंडळांमुळे, हे आपण विसरता कामा नये. पण त्याच कायद्याच्या ४४ व्या कलमाप्रमाणे मंडळाच्या संमतीशिवाय नवे वीज केंद्र उभारता येत नव्हते. वीज कुणी केली तर ती घ्यायची का, किती दराने घ्यायची, हे मंडळाच्या मर्जीवर. ज्याच्याकडे एकच गिऱ्हाईक आणि त्या गिऱ्हाइकावर बंधन काही नाही, अशा धंद्याला कोणती बँक कर्ज देणार?

मी नोकरीच्या सुरुवातीला दुसऱ्या एका कारखान्यावर होतो. हंगाम संपला की आवारात बगॅसचा डोंगर उभा असे. थोडा कागद कारखान्याला जाई, उरलेला पडून राही. एका वर्षी मे महिन्यात त्याला आग लागली. दोन दिवस आम्ही टँकरने पाणी मारत होतो. सभासद कुंपणाबाहेर उभे राहून बघत होते. कुणी ओरडले नाही, रडले नाही. कारण त्याला किंमत आहे असे कुणाच्या मनातच नव्हते. आज तो प्रसंग आठवला की जिवाला लागते.

कायद्याने कोणत्या गाठी सोडवल्या?

केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जेसाठी १९८२ मध्ये वेगळा विभाग काढला, १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले. १९९४ मध्ये साखर कारखान्यांतील बगॅसवरील सहवीजनिर्मितीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अनुदाने मिळू लागली. पण अनुदान म्हणजे एकदाच मिळणारी मदत. वीस वर्षे चालायच्या प्रकल्पाला रोज उठून वीज घेणारा पाहिजे. ते काम अनुदानाने होत नाही, त्याला कायदाच लागतो.

१९९८ मध्ये संसदेने वीज नियामक आयोगांचा कायदा केला आणि त्याप्रमाणे १९९९ मध्ये आपल्या राज्यात महाराष्ट्र वीज नियामक आयोग आला. दर ठरवण्याचे काम विकणाऱ्या-घेणाऱ्याच्या हातून निघून तिसऱ्या, त्रयस्थाकडे गेले. या आयोगाने २००२ मध्ये बगॅसवरील सहवीजनिर्मितीच्या विजेसाठी दराचा आणि कराराचा आदेश काढला. पुढे २००३ मध्ये संसदेने नवा वीज कायदा केला आणि १९१०, १९४८ व १९९८ हे तिन्ही जुने कायदे त्यात विरले. या २००३ च्या कायद्याने आपल्या दृष्टीने चार कामे केली.

पहिले, वीज निर्माण करण्याची मोकळीक. सातव्या कलमाने साध्या वीजनिर्मितीला परवान्याची गरज ठेवली नाही. तांत्रिक नियम पाळा आणि वीज करा.

दुसरे, वाट. शेताला वहिवाटीचा रस्ता असतो तशी ही वाट समजा. तारा दुसऱ्याच्या असल्या तरी ठरलेले भाडे देऊन त्यातून वीज नेण्याचा हक्क मिळाला. याला मुक्त प्रवेश म्हणतात. २०२२ च्या हरित मुक्त प्रवेश नियमांनी १०० किलोवॅट भार असलेल्या ग्राहकालाही अशी वीज घेण्याची मुभा दिली. पूर्वी ही मर्यादा एक मेगावॅट होती. म्हणजे वीज कंपनीशिवाय औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखानाही आपले गिऱ्हाईक होऊ शकतो.

तिसरे, बांधील गिऱ्हाईक. आबांनी विचारले ना, "का घ्यावी त्यांनी?" त्याचे उत्तर इथे आहे. ८६ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की राज्य आयोगाने सहवीजनिर्मितीला आणि अक्षय ऊर्जेला उत्तेजन द्यायचे, तिला तारांशी जोडणी मिळवून द्यायची, आणि वीज वितरण कंपनीने एकूण विजेपैकी किती टक्के वीज अशा साधनांकडून घेतलीच पाहिजे ते ठरवून द्यायचे. "घेतलीच पाहिजे" या शब्दांत सगळे आले.

चौथे, परवडणारा दर. ६१ व्या कलमाप्रमाणे दराचे नियम करताना अशा विजेला उत्तेजन मिळेल हे आयोगाने पाहायचे आहे. आपल्या राज्याच्या आयोगाच्या २०१० च्या नियमांत बगॅसच्या विजेसाठी तेरा वर्षांचा दर-कालावधी धरला होता. प्रकल्पाची किंमत, कर्जाचे व्याज, बगॅसचा भाव, देखभाल हे सगळे हिशोबात घेऊन दर काढायचा. तेरा वर्षांचा करार हातात असला म्हणजे बँकेच्या साहेबांचा चेहरा बदलतो.

टक्केवारी कशी वाढत गेली

आपल्या आयोगाने २००६ मध्ये हे बंधन घातले. २००६-०७ ला ३ टक्के आणि दरवर्षी एकेक टक्का वाढवत २००९-१० ला ६ टक्के. पुढे २०१० च्या नियमांनी ते ६ वरून २०१५-१६ पर्यंत ९ टक्क्यांवर नेले. राज्य शासनाने २००८ च्या धोरणात बगॅस सहवीजनिर्मितीचे १००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले, २०१५ च्या धोरणात आणखी १०००, आणि २०२० च्या धोरणात १३५० मेगावॅट. आपल्या भागातील कारखान्यांच्या आवारात उंच चिमण्यांशेजारी वीज उपकेंद्रे उभी राहिली ती या काळात.

हे बंधन फक्त वीज कंपन्यांवर आहे असेही नाही. स्वतःपुरती वीज तयार करणाऱ्या मोठ्या उद्योगांनी "आम्हाला का?" म्हणून न्यायालये गाठली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये राजस्थानातील प्रकरणात निकाल दिला की त्यांच्यावरही असे बंधन घालणे कायदेशीर आहे. शुद्ध हवेचा प्रश्न सगळ्यांचा, मग वाटाही सगळ्यांनी उचलायचा.

ज्याला अशी वीज प्रत्यक्ष मिळत नाही त्याने काय करायचे? त्यासाठी २०१० मध्ये प्रमाणपत्राची सोय झाली. अक्षय ऊर्जेच्या प्रत्येक हजार युनिटला एक प्रमाणपत्र. ज्याचा वाटा कमी पडला त्याने ते बाजारातून विकत घ्यायचे.

यानंतर २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. मोठ्या ऊर्जा ग्राहकांवर अक्षय ऊर्जेचा किमान वाटा बंधनकारक करण्याची तरतूद आली आणि दंडही वाढला. त्याप्रमाणे ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने टक्केवारी जाहीर केली. २०२४-२५ साठी २९.९१ टक्के आणि टप्प्याटप्प्याने २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्के. कुठे ३ आणि कुठे ४३! पण थांबा. हा आकडा ऐकून लगेच हुरळून जाऊ नका. यातली मेख पुढे सांगतो.

मॉरिशसचा धडा

तत्पूर्वी एका ऊसवाल्या देशाकडे नजर टाकू, कारण आपल्या मनातला वाट्याचा प्रश्न त्यांनी आपल्या आधी हाताळला आहे. हिंदी महासागरातील मॉरिशस हे लहानसे बेट. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांत राबायला हिंदुस्थानातून मजूर नेले, त्यात कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी सण साजरे करतात. बेटावर ना कोळसा, ना तेल. सगळे बोटीने आणायचे.

तेथील एका साखर कारखान्याने १९५७ मध्येच बगॅसची जादा वीज सार्वजनिक तारांत सोडली. पण खरी चाल मिळाली ती सरकारने नियम केल्यावर. १९८५ मध्ये त्यांनी बगॅसच्या मोबदल्याचा निधी काढला. वीज केली कारखान्याने, पण बगॅस शेतकऱ्याच्या उसातला, म्हणून त्याचा मोबदला बागायतदारालाही. १९८८ मध्ये साखर उद्योगाच्या कार्यक्षमतेचा कायदा करून बगॅस वाचवणाऱ्याला आणि त्यापासून वीज करणाऱ्याला कराच्या सवलती दिल्या. १९९१ मध्ये बगॅस ऊर्जेचा कार्यक्रम आखला. आणि १९९४ मध्ये कायद्याने एक विश्वस्त संस्था स्थापून लहान बागायतदार आणि साखर कामगारांना कारखानदारी कंपन्यांत २० टक्के भागीदारी दिली. तिथले कारखाने खाजगी, आपल्यासारखे सहकारी नव्हेत. तरीही चिपाडाच्या पैशात ऊस पिकवणाऱ्याचा वाटा आहे हे त्यांनी कायद्यात लिहिले.

त्यांचीही चूक सांगतो. हंगाम संपला की ती वीज केंद्रे बाहेरून आणलेल्या कोळशावर चालवली जाऊ लागली आणि कोळशाचा वाटा मोठा झाला. अक्षय ऊर्जेसाठी केलेला कायदा सैल राहिला तर त्याच चिमणीतून कोळशाचा धूर निघू शकतो, हे त्यावरून शिकायचे.

कायदा कुठे कमी पडतो?

आता ती मेख. २०१० च्या नियमांत सूर्याच्या विजेचा हिस्सा वेगळा होता आणि बाकीच्यांचा वेगळा. बगॅसला त्या बाकीच्यांच्या पंगतीत हक्काचे पान होते. २०२३ च्या टक्केवारीत पवन, जल आणि विखुरलेली लहान निर्मिती यांचे भाग वेगळे काढले आणि राहिलेला मोठा भाग "इतर" म्हणून ठेवला. बगॅस या "इतर" मध्ये आहे आणि मोठमोठे सौर प्रकल्पही त्याच "इतर" मध्ये आहेत. पंगत मोठी झाली खरी, पण शेजारी बसणारा गडी जबर आहे. राजस्थानात भडला येथे मे २०१७ मध्ये सौर विजेची बोली २ रुपये ४४ पैशांवर आली. सूर्याला तोडणी नाही, वाहतूक नाही, मजुराची उचल नाही. आपले तसे नाही.

दुसरी गोष्ट दराची. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने अक्षय ऊर्जा जास्तीत जास्त निविदा काढून घेण्यावर भर दिला. त्यामुळे आयोगाने खर्चाचा हिशोब करून दर द्यायचा आणि कारखान्याने निश्चिंत व्हायचे, हे दिवस मागे पडले. नव्या करारांत बोली लावावी लागते आणि ज्यांचे जुने तेरा वर्षांचे करार संपले त्यांना कमी दरावर बसावे लागले. दर पडला तरी कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो.

तिसरी गोष्ट अंमलबजावणीची. २००३ च्या कायद्यात आदेश मोडणाऱ्याला दंड आहे, पण तो एका प्रकरणात जास्तीत जास्त एक लाख रुपये. मोठ्या कंपनीला त्याचे काय? आयोगांनी अनेकदा एका वर्षाची तूट पुढच्या वर्षावर ढकलली. ग्रामपंचायतीची घरपट्टी थकली आणि "पुढच्या वर्षी भरा" असे दरवर्षी म्हणत गेले तर कोण भरेल? शिवाय वीज घेतली तरी पैसे वेळेवर मिळतील याची हमी नव्हती. त्यासाठी २०२२ मध्ये विलंब अधिभाराचे नियम झाले आणि वीज कंपन्यांना जुनी थकबाकी हप्त्यांनी फेडण्याची वाट लावून दिली. उशिरा का होईना, ही सुधारणा चांगली झाली.

चौथी गोष्ट, कायदा आणि आदेश यांतला फरक. आपल्या मळीपासून आणि रसापासून होणाऱ्या इथेनॉलचे उदाहरण घ्या. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने त्याला मोठी चालना दिली. २०२२ च्या दुरुस्तीने पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणले. कारखान्यांनी कर्जे काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या. आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन हंगामात, साखर कमी पडेल म्हणून रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातले. पुढे ते सैल झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या वर्षासाठी उठवले. सरकारची बाजू असेल, साखर सगळ्यांनाच लागते. पण मोळी टाकल्यावर नियम बदलला तर कारखान्याने काय करावे? संसदेचा कायदा बदलायला चर्चा लागते, आदेश एका रात्रीत निघतो. म्हणून प्रकल्पाचा पाया कशावर आहे, कायद्यावर की आदेशावर, हे आधी पाहावे.

सभासदाचा वाटा कुठे लिहिला आहे?

हा सर्वांत जवळचा प्रश्न. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे रास्त आणि किफायतशीर दर, ज्याला आपण एफआरपी म्हणतो, तो १४ दिवसांत मिळालाच पाहिजे. तो साखर उताऱ्यावर ठरतो. विजेशी त्याचा थेट संबंध नाही.

दुसरा आधार आपल्या राज्याचा, २०१३ चा ऊस दर विनियमन कायदा. रंगराजन समितीने २०१२ मध्ये सुचवलेली वाटणी त्यात आली. साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या पहिल्या टप्प्याच्या उपपदार्थांच्या उत्पन्नाचे ७० टक्के, किंवा फक्त साखर धरली तर ७५ टक्के ऊस उत्पादकाला. एफआरपीपेक्षा हा आकडा जास्त निघाला तर फरक मिळायचा. इथे नीट लक्ष द्या. या हिशोबात बगॅस धरला जातो तो बगॅस म्हणून. त्यापासून केलेली वीज हा पुढचा टप्पा, त्याला वेगळे भांडवल लागते, म्हणून तिचा नफा त्या ७० टक्क्यांत आपोआप येत नाही.

मग विजेचा नफा जातो कुठे? खाजगी कारखान्यात मालकाकडे. सहकारी कारखान्यात मालक आपणच, पण तो आपल्यापर्यंत येण्याची वाट उपविधी, ताळेबंद आणि वार्षिक सभेतील ठराव यांतून जाते. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने ती सभा आपल्या हक्काची आहे. त्या दिवशी नुसते जेवून परत आलात तर कायद्याचा उपयोग नाही.

म्हणून अहवाल हातात पडला की पुढील पाच गोष्टी पाहा आणि सभेत विचारा. विचारण्यात कुणाचा अपमान नाही, संचालक मंडळालाही प्रश्न विचारणारा सभासद हवाच असतो.

१. वीज खरेदीचा करार कुणाशी, किती वर्षांचा आणि किती दराचा? करार हातात आहे की फक्त बोलणी चालू आहेत?

२. आज निविदेत जो दर मिळतो त्यावर हिशोब केला आहे की दहा वर्षांपूर्वीच्या दरावर?

३. दर युनिटमागे एक रुपयाने कमी मिळाला किंवा एका वर्षी दुष्काळाने गाळप निम्म्यावर आले तर कर्जाचा हप्ता कुठून भरायचा?

४. टनामागे कापली जाणारी ठेव परतीची आहे काय? किती वर्षांनी परत, व्याज किती?

५. कर्ज फिटल्यावर विजेच्या नफ्याचा कोणता भाग ऊस दरात द्यायचा, हे आजच्या ठरावात लिहिले आहे काय?

पाचवा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मॉरिशसने जे कायद्यात लिहिले ते आपण ठरावात लिहू शकतो. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही.

आपल्या बांधावरचे काम

आता माझ्या खात्याचे दोन शब्द बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. कागदावर करार कितीही चांगला झाला तरी बॉयलरमध्ये जाते ते आपण काट्यावर आणतो तेच. माती, मुळ्या आणि हिरवे वाढे लागलेला ऊस आला की बगॅसबरोबर माती भट्टीत जाते, नळ्या झिजतात, राख वाढते आणि हंगामात बंद पडण्याची वेळ येते. ऊस जमिनीलगत तोडा, वाढे आणि मुळ्या साफ करून मोळी बांधा. तोडलेला ऊस लवकरात लवकर गव्हाणीत पडावा, यासाठी तोडणी कार्यक्रम पाळा.

आणि पाचट जाळू नका. कुणी म्हणेल, पाचटाचीही वीज होते, मग द्या कारखान्याला. थोडे देता येईल, पण माझे प्रामाणिक मत असे की खोडव्यातले पाचट सरीत कुजवलेलेच बरे. जमिनीचा कस गेला तर पुढच्या वर्षी ऊसही नाही, चिपाडही नाही आणि वीजही नाही.

आबांना उत्तर

शेवटी त्या सभासदांच्या प्रश्नाकडे वळतो. "बोर्डानं वीज घेतलीच नाही तर?" आबा, अक्षय ऊर्जेची ठरावीक टक्के वीज त्यांना घ्यावीच लागते, असे कायदा सांगतो. पण ती आपलीच घ्यावी, किंवा आपल्याला परवडेल त्या दराने घ्यावी, असे आता कायदा म्हणत नाही. तेवढे करारात मिळवावे लागेल. करार पक्का असेल तर ठेव हे बेण्यासारखे आहे, जमिनीत टाकले तर उगवेल. करार नसेल तर घाई करू नये, असे मी माझ्या घरी सांगेन आणि तेच आपल्याला सांगतो.

"रात्री दोनची वीज कुणाची?" सगळ्यांची मिसळलेली. आपण तारांत सोडलेली वीज हंगामात रात्रंदिवस जाते, पण कुठल्या फीडरला किती वाजता द्यायची ते वीज कंपनी ठरवते. दिवसा वीज मिळावी यासाठी राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि केंद्राची कुसुम योजना २०१९ पासून आहे. गावाजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, अशी ती कल्पना. आपल्या गावचा फीडर त्यात आहे की नाही, याची चौकशी ग्रामपंचायतीमार्फत अर्ज देऊन जरूर करा. दिवसा सूर्याची वीज आणि हंगामात रात्री आपल्या चिपाडाची, अशी जोडी जमली तर आबांना बॅटरी घेऊन बांधावरून चालावे लागणार नाही.

त्या मे महिन्यातल्या आगीत जळाले ते फुकटचे नव्हते, एवढे आता कायद्यानेही मान्य केले आहे. त्याची किंमत आपल्या पदरात किती पडायची हे पुढच्या महिन्यातल्या सभेत आपल्याला ठरवायचे आहे. अहवाल वाचून या, शेजाऱ्यालाही वाचून दाखवा, आणि वेळेवर या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी